पंचेचाळीस मिनिटांचं घरकाम

२२० युनिट. जपानच्या दीर्घकालीन देखभाल विम्यात २०२४ पासून लागू झालेला हा दर आहे. मदतनीस वृद्धाच्या घरी येते आणि पंचेचाळीस मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ घरकाम करते, त्याचा. एक युनिट साधारण १० येनचं, टोकियोच्या मध्यभागात ११ येनच्याही वर. केर काढणं, कपडे धुणं, बाजारहाट, साधा स्वयंपाक या सगळ्याचे मिळून सुमारे २,२०० येन होतात. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे २२० येन, वृद्ध स्वतः देतो. उत्पन्न चांगलं असेल त्याला वीस किंवा तीस टक्के भरावे लागतात.

उरलेला पैसा सार्वजनिक. घरी मिळणाऱ्या सेवांसाठी केंद्र सरकार २५ टक्के देतं, प्रांत आणि नगरपालिका प्रत्येकी १२.५ टक्के. राहिलेला निम्मा खर्च चाळिशी ओलांडलेल्यांच्या हप्त्यांतून भागतो. योजना १ एप्रिल २००० ला सुरू झाली तेव्हा पासष्टीपुढच्या माणसाचा सरासरी मासिक हप्ता २,९११ येन होता. २०२४ ते २०२६ साठी तो ६,२२५ येन आहे. सेवेला पात्र ठरलेले लोक तेव्हा २१.८ लाख होते, आता सुमारे ७० लाख आहेत. हप्ता दुपटीच्या वर गेला, पात्र माणसं तिपटीच्या वर. काटकसरीचा दबाव येणारच होता. तो सतत घरकामावर पडत आला, हे मला चुकीचं वाटतं.

या योजनेत घरच्यांच्या हाती रोख रक्कम दिली जात नाही. जर्मनीने १९९५ मध्ये असाच विमा सुरू केला तेव्हा रोख भत्त्याचा पर्याय ठेवला. जपानमध्ये हिगुची केइको यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला कसून विरोध केला. घरात पैसे आले की सासू-सासऱ्यांचं सगळं करणं हे सुनेचंच काम ठरेल आणि तिची नोकरी सुटेल, हा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य झाला आणि विमा सेवेच्या रूपातच मिळू लागला.

सेवा द्यायची तर ती मोजावी लागते. अर्ज आला की ७४ बाबींची पाहणी होते. माणसाच्या देखभालीला रोज किती मिनिटं लागतील, याचा अंदाज संगणक काढतो. मग तज्ज्ञांची समिती अंतिम पातळी ठरवते. एकूण पातळ्या सात. सर्वांत खालच्या पातळीला २५ मिनिटांपासून सुरुवात, सर्वांत वरच्या पातळीला ११० मिनिटं आणि त्यापुढे.

घरकाम आणि शरीराची शुश्रूषा यांचे दर वेगळे आहेत. अंघोळ, कपडे बदलणं, शौचाला नेणं यासाठी अर्धा ते एक तास मदत केली तर ३८७ युनिट, घरकामाला २२०. आजी पडून आहेत आणि मदतनिसाने एकटीने सूप केलं, तर ते घरकाम. आजींना शेजारी उभं करून, त्यांचा तोल सांभाळत दोघींनी मिळून भाजी चिरली, तर ती शुश्रूषा, आणि दर वरचा. आजींनी स्वतः हात चालवावेत म्हणून केलेला हा फरक योग्यच आहे. पण घरात धडधाकट माणूस असेल तर घरकामाची मदत सहसा मिळत नाही. इतरांचे कपडे, पाहुण्यांचा चहा, खिडक्यांच्या काचा, अंगणातलं गवत, कुत्र्याला फिरवणं, नव्या वर्षाचा खास स्वयंपाक, हे सगळं यादीबाहेर.

२०१२ मध्ये घरकामाच्या वरच्या दरासाठीची वेळ एका तासावरून पंचेचाळीस मिनिटांवर आली. २०१५ पासून खालच्या दोन पातळ्यांतल्या लोकांची मदत टप्प्याटप्प्याने देशव्यापी सेवेतून काढून नगरपालिकांच्या कार्यक्रमांकडे देण्यात आली. २०१८ मध्ये महिन्याच्या फेऱ्यांना उंबरठा आला: वरच्या पाच पातळ्यांपैकी पहिलीवर २७, तिसरीवर ४३. त्यापुढे गेलं की त्या माणसाच्या देखभालीचा आराखडा नगरपालिकेला दाखवावा लागतो. वास्तविक अंघोळ जमत नाही अशी वेळ येण्याच्या कितीतरी आधी माणसाला पिशव्या उचलणं आणि गॅसपाशी उभं राहणं जड जातं. तिथे हात मिळाला नाही तर जेवण घटतं, आणि घर सोडण्याचा दिवस जवळ येतो.

२०२४ मध्ये एकूण दर १.५९ टक्के वाढले. घरी जाऊन दिलेल्या मदतीचे मूळ दर मात्र दोन-तीन टक्क्यांनी उतरले. २२० च्या जागी आधी २२५ होते. या सेवेत ७.८ टक्के नफा आहे आणि सर्व सेवांची सरासरी २.४, असं सरकारने दाखवलं. ७.८ ही सरासरी फसवी आहे. वृद्धांच्या एकाच इमारतीत दारोदार जाणारी संस्था आणि डोंगराळ गावांत गाडीने फिरणारी संस्था तिच्यात एकत्र आल्या आहेत. दोन घरांमधल्या प्रवासाला दरपत्रकात वेगळा मोबदला नाही. मदतनिसांच्या नोकरीत २०२२-२३ मध्ये एका उमेदवारामागे सुमारे १५ जागा होत्या.

ही कमतरता आता आपल्याकडेही पोचते आहे. कुशल कामगारांसाठी भारत-जपान करार जानेवारी २०२१ मध्ये झाला, त्यात वृद्धांची देखभाल हे क्षेत्र आहे. एप्रिल २०२५ पासून कुशल कामगारांच्या व्हिसावरच्या परदेशी लोकांना, प्रशिक्षण आणि अनुभवाच्या अटींवर, घरोघरी जाऊन काम करायलाही परवानगी मिळाली. महाराष्ट्रातल्या मुलींना तिथे पाठवताना पगारासोबत हेही विचारायला हवं की दोन घरांमधल्या रस्त्यावरचा वेळ त्यांच्या पगारात धरला जाणार आहे की नाही.