रिअ‍ॅक्टमधल्या एका प्रॉपच्या नावातच ‘धोका’ का आहे?

सोशल मीडियावर एखाद्या पोस्टखाली तुम्ही कमेंट लिहिता आणि ती इतरांना साधा मजकूर म्हणून दिसते. पण कुणी शब्दांऐवजी कोड लिहिला आणि वाचणाऱ्याच्या ब्राउझरने तो चालवला तर?

असं खरोखर घडलं आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या १९ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये कोड दडवला. ते प्रोफाइल उघडणाऱ्याच्या खात्यातून सॅमीला आपोआप फ्रेंड रिक्वेस्ट जायची आणि तोच कोड त्याच्याही प्रोफाइलला चिकटायचा. २० तासांत १० लाखांहून अधिक खात्यांमध्ये तो पसरला!

फेसबुकने २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी सर्वांसाठी खुली केली. तिच्यात स्क्रीनचे छोटे छोटे भाग जोडून पान तयार होतं. या भागांना कॉम्पोनंट म्हणतात आणि त्यांना पुरवलेल्या माहितीला प्रॉप्स. कमेंटमध्ये कुणी कोड लिहिला, तरी रिअ‍ॅक्ट तो न चालवता जशाच्या तसा अक्षरांत दाखवते.

पण कधी कधी मजकुरातलं एचटीएमएल खरंच वापरावं लागतं. उदाहरणार्थ, एखाद्या लेखातली ठळक अक्षरं आणि लिंक. त्यासाठी रिअ‍ॅक्टने एक खास प्रॉप ठेवला आहे: ‘डेंजरसली सेट इनर एचटीएमएल’. म्हणजे, ‘धोका पत्करून आतलं एचटीएमएल बसवा’.

हे नाव मुद्दाम असं ठेवलं आहे. ब्राउझरमध्ये याच कामासाठी ‘इनर एचटीएमएल’ ही सुटसुटीत सोय आधीपासून आहे, पण ती सहज, विचार न करता वापरली जाते. रिअ‍ॅक्टमधलं लांबलचक नाव लिहिताना हात थबकतो. शिवाय नुसता मजकूर देऊन चालत नाही. तो एका ऑब्जेक्टमध्ये, नावाआधी दोन अंडरस्कोअर असलेल्या ‘एचटीएमएल’ या खुणेखाली द्यावा लागतो. कोड तपासणाऱ्यालाही हे नाव शोधलं की धोक्याच्या सगळ्या जागा सापडतात.

अर्थात, घाटात ‘पुढे तीव्र वळण’ अशी पाटी असली तरी ब्रेक चालकालाच दाबावा लागतो. बाहेरून आलेलं एचटीएमएल आधी गाळून घेणं ही प्रोग्रामरचीच जबाबदारी. त्यासाठी डोमप्युरिफायसारखी साधनं आहेत. प्रोग्रामरने हे टाळलं, तर फटका बसतो तो लॉगिन करून बसलेल्या तुमच्या खात्याला.