राजापूरची जागा

सन २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. लोकसभा निवडणुकीचा हंगाम होता. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावाहून काकांचा फोन आला. काकांचे वय चौऱ्याऐंशी. कान थोडे जड झालेले, पण आवाज अजून खणखणीत. इकडतिकडचे काही न विचारता त्यांनी एकदम मुद्द्याला हात घातला, “काय रे, मतदानाक येतलंस मां?”

मी म्हणालो, “काका, माझं नाव आता भाईंदरच्या यादीत आहे. गावच्या यादीतून केव्हाच काढून घेतलं मी.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग काका म्हणाले, “म्हंजे आता तू गावचो नाय रवलंस!” आणि त्यांनी फोन ठेवला.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार. परंतु त्या एका वाक्याला उत्तर काही सुचले नाही. काकांचे मतदान ७ मे रोजी होते, आमचे ठाण्याचे २० मे रोजी. मधल्या दिवसांत पेपर तपासून झाले की मी जुन्या निवडणुकांचे निकाल चाळीत बसू लागलो. तेव्हा ध्यानात आले की काकांनी तरुणपणापासून ज्या मतदारसंघात मत दिले, तो मतदारसंघच आज नकाशावर नाही. राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८ साली रद्द झाला. म्हणजे माझे एकट्याचे नाव तिथून उठले नव्हते, सबंध जागाच उठली होती! ती गेली कुठे, याचा माग काढीत निघालो आणि पोहोचलो कुठे म्हणाल, तर माझ्याच घराच्या दारात. तो प्रवास वाचकांना सांगावा, म्हणून हा लेख.

तेरा निवडणुका, चार खासदार

राजापूर म्हटले की कोणाला मधूनच प्रकट होणारी गंगा आठवते, कोणाला शिवाजीमहाराजांनी लुटलेली इंग्रजांची वखार. निवडणुकांचा इतिहास वाचणाऱ्याला मात्र दोन नावे आठवतात: बॅरिस्टर नाथ पै आणि प्राध्यापक मधु दंडवते.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत राजापूर नावाचा मतदारसंघ नव्हता. रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग होते आणि दोन्हीकडे काँग्रेस निवडून आली. १९५७ साली राजापूर जन्माला आला तो संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात. समितीच्या लाटेवर प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले. मूळचे वेंगुर्ल्याचे, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग पाहिलेले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. पुढे समिती फुटली, लाट ओसरली. पण १९६२ व १९६७ साली राजापूरने पुन्हा त्यांनाच पाठविले.

आमच्या काकांनी आयुष्यातले पहिले मत १९६२ साली दिले. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. नाथ पैंच्या सभेला गावची मंडळी कंदील घेऊन चार कोस चालत गेली होती, हे काका अजून सांगतात. सभेत नाथ पै काय बोलले ते आता त्यांना नीट आठवत नाही. “पण परत येताना कोण एक शब्द बोलूक नाय,” एवढे मात्र आठवते.

हा खासदार नुसता सभा गाजविणारा नव्हता. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा संसदेला अधिकार नाही. त्यावर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळवून देणारे विधेयक नाथ पैंनी खासगी सदस्य म्हणून मांडले. देशभर त्यावर वाद झाला. विधेयक मंजूर होण्याआधी लोकसभा विसर्जित झाली आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पैंचे निधन झाले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने सरकारने तोच अधिकार घटनेत लिहिला. कोकणातल्या एका आडबाजूच्या जागेने दिल्लीला केवढा विषय दिला होता, पाहा!

नाथ पैंच्या मागे दोन महिन्यांतच निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. राजापूरने मात्र मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे मधु दंडवते निवडले. गंमत म्हणजे दंडवते कोकणचे नव्हतेच, ते अहमदनगरचे. परंतु राजापूरने त्यांना आपले म्हटले ते थेट १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ पर्यंत. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते. तिथून सुटले ते जनता राजवटीत रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या कारकीर्दीत. कोकण रेल्वेचा त्यांनी ध्यास घेतला होता. पुढे ते विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले आणि १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले.

आणि मग? १९९१ साली राजापूरने दंडवत्यांना पाडले. काँग्रेसचे माजी लष्करी अधिकारी सुधीर सावंत निवडून आले. सबंध मार्गावर गाडी धावली ती १९९८ साली. ज्याने मागितली तो तेव्हा खासदार नव्हता. लोकशाहीत असे व्हायचेच. १९९६ पासून २००४ पर्यंतच्या चारही निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू यांनी जिंकल्या. तेही वाजपेयींच्या मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री झाले, आणि पुढे २०१४ साली राज्यसभेच्या मार्गाने रेल्वेमंत्री!

हिशेब मांडला तर तेरा निवडणुका, चार खासदार. समाजवादी आठ वेळा, शिवसेना चार वेळा, काँग्रेस एकदा. एवढी ही जागा हट्टी होती.

समुद्रात बुडालेले गाव

मतदारसंघ नाहीसे होतात ही गोष्ट काही आपल्याकडेच घडते असे नाही. १८९२ साली दादाभाई नौरोजी लंडनच्या ज्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी पार्लमेंटात गेले, तो मतदारसंघ १९१८ साली रद्द झाला. त्याच्याही आधीची कथा तर मोठी मजेदार आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर डनविच नावाचे भरभराटीचे बंदर होते. शतकानुशतके समुद्राने ते गिळत आणले. घरे गेली, देवळे गेली, माणसे गेली. परंतु डनविचचे दोन सभासद पार्लमेंटात बसतच राहिले! उलट गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या, लाखो वस्तीच्या मँचेस्टरला स्वतःचा एकही सभासद नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने डनविचची जागा काढून घेतली आणि मँचेस्टरला सभासद दिले.

राजापूर समुद्रात बुडाले नाही. ते एस.टी.त बसून मुंबईला आले.

कोकणची माणसे गिरणीत, गोदीत, पोस्टात चाकरीला लागली. गावात म्हातारी माणसे, बाया आणि पोरे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. यात स्त्रीसन्मानाचे श्रेय कोणी घेऊ नये. पुरुष मुंबईत होते एवढाच त्याचा अर्थ.

तरीसुद्धा जागा कायम राहिली, कारण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप १९७१ च्या लोकसंख्येवर गोठविले होते. माणसे निघून गेली, तरी ती कागदावर गावातच नांदत होती. पुढे न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने सीमा आखल्या. राज्याच्या जागा ४८ च राहिल्या. म्हणजे एकीकडे वाढवायची तर दुसरीकडे कमी करणे आले. कुलाबा, रत्नागिरी, राजापूर या तीन जागांच्या ठिकाणी रायगड आणि रत्नागिरी–सिंधुदुर्ग या दोनच उरल्या. पनवेल, कर्जत, उरण मावळच्या वाट्याला गेले. राजापूर हे नाव विधानसभेपुरते राहिले.

आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात? तिथे ठाणे व डहाणू अशा दोन जागा होत्या, त्यांच्या चार झाल्या: ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर. त्याच फेरआखणीत विधानसभेचा मिरा-भाईंदर हा नवा मतदारसंघ जन्मला आणि ठाणे लोकसभेत गेला.

माझ्या शोधाची वाट इथे येऊन थांबली. माझे वडील परळच्या गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली, लालबागची खोली गेली आणि आम्ही भाईंदर पूर्वेला दीड खोलीत आलो. आमच्यासारखी किती तरी कोकणी कुटुंबे मिठागरांच्या या गावात आली. चाकरमान्याला आयुष्यभर एकच चिंता: जागा! आम्हाला जागा मिळाली ती भाईंदरला. आमच्या मागोमाग लोकसभेची जागाही आली, एवढेच.

आकडेच पाहा. २०११ साली मिरा-भाईंदर महानगरपालिकेची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली होती. सबंध सिंधुदुर्ग जिल्ह्याची ८ लाख ४९ हजार. आणि तीही २००१ पेक्षा घटलेली. पाच हजार चौरस किलोमीटरांवर पसरलेला एक जिल्हा आणि दोन उपनगरी रेल्वे स्थानकांभोवतीची वस्ती, दोन्हींत माणसे जवळजवळ सारखी! माणसे इथे आणि खासदार तिथे, हा न्याय नव्हे. डनविचचे हसे करायचे आणि राजापूरसाठी रडायचे, हे शिकल्यासवरल्या माणसाला शोभत नाही.

दोन्हीकडची कुलपे

मग माझ्या मनाला टोचते आहे ते काय?

वडिलांनी आपले नाव अखेरपर्यंत गावच्या यादीत ठेवले आणि माझेही तिथेच घातले. प्रत्येक निवडणुकीला ते पदरचे पैसे मोडून, रात्रभर एस.टी.त अवघडून गावाला जात. कायद्याने पाहिले तर हे चूकच. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथे राहतो तिथेच त्याचे नाव असावे लागते. नुसते घर मालकीचे असून भागत नाही. २००४ साली मीही त्यांच्याबरोबर जाऊन मत दिले. राजापूर मतदारसंघाची ती शेवटची निवडणूक आहे, हे त्या रांगेत कोणालाच ठाऊक नव्हते. वडील गेल्यावर मी अर्ज भरून नाव इकडे आणले. कायदा पाळला.

२० मे २०२४ रोजी सकाळी मत द्यायला निघालो, तेव्हा जिन्यात सहज लक्ष गेले. आमच्या इमारतीतील निम्म्या दारांना कुलपे! मे महिन्याची सुटी, आंब्याफणसांचे दिवस. मंडळी गावाला गेली होती. तिथले मतदान ७ तारखेला होऊन गेलेले, आणि यादीत नावही नाही. इथे नाव, तर माणूस तिथे. गावातून आम्ही जागा उठविली, ती इथे आणली आणि तिच्यावर बसायच्या दिवशी पुन्हा गावाला निघून गेलो!

संध्याकाळी मी काकांना फोन केला. म्हटले, “मत दिलं हो, काका.”

“बरां केलंस,” काका म्हणाले. राग गेलेला दिसत होता. मग त्यांनी विचारले, “उमेदवाराची सभा ऐकलंस मां?”

मी गप्प राहिलो. एकाही उमेदवाराची एकही सभा मी ऐकली नव्हती. सभा घरापासून पाच मिनिटांवर होती, रस्त्यावर दिव्यांचा झगझगाट होता, कंदिलाची गरज नव्हती. लाऊडस्पीकरचा त्रास नको म्हणून मी खिडकी लावून घेतली होती.

राजापूरने जे खासदार दिले ते मातीच्या गुणाने दिले, असे पूर्वी मला वाटे. आता वाटते, ते दिले चार कोस चालत जाणाऱ्या माणसांनी. परिसीमन आयोग जागा इथून तिथे नेऊ शकतो. ते चालणे त्याला नेता येत नाही. ते आपले आपणच घेऊन यायला हवे होते. ट्रंका आल्या, पाटा-वरवंटा आला, गणपतीचा पाट आला. एवढी एक वस्तू गावाला राहून गेली.

काकांना मी तसे सांगितले नाही. पुढच्या निवडणुकीला सभा ऐकायला जाईन, एवढेच म्हणालो. काका म्हणाले, “जा. आणि पोराकव बरोबर ने.”