हॅम रेडिओची ओळख – भाग ९ : उन्हावर चालणारे केंद्र

गेल्या आठवड्यात अँटेना उभारून झाली. आता विजेचे पाहू. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅम चमू पोर्ट ब्लेअरमध्येच होता. टेलिफोन बंद पडल्यावर अंदमानातले निरोप या हॅमनी मुख्य भूमीवर पोहोचवले. अशा वेळी नुसता सेट असून भागत नाही. त्याला वीज लागते, आणि पहिल्यांदा जाते ती वीजच.

सौरऊर्जेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो : पॅनेल किती वॅटचे घेऊ? हिशेब मात्र खर्चापासून मांडावा. १०० वॅटचा एचएफ सेट १३.८ व्होल्टवर नुसता ऐकताना साधारण १ अँपिअर घेतो, पूर्ण ताकदीने बोलताना २० च्या आसपास. एसएसबीत आवाज चढतो-उतरतो, म्हणून बोलण्याची सरासरी ८ अँपिअर धरू. दिवसाकाठी आठ तास ऐकणे आणि दोन तास बोलणे झाले, तर ८ अधिक १६, म्हणजे २४ अँपिअर-तास.

आता सेट २५ वॅटवर आणा. शक्ती पाव झाली तरी प्रवाह पाव होत नाही. कमी शक्तीवर सेटची कार्यक्षमता घटते, त्यामुळे तो निम्म्यावर थांबतो. तरीही दिवसाचा खर्च २४ वरून १६ वर येतो. ऐकणाऱ्याच्या बाजूला फरक पडतो ६ डेसिबलचा, म्हणजे मीटरवर एका एस-युनिटचा. बँड बरा असेल तर संभाषण अडत नाही.

शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते. शिवाय २० अँपिअरचा भार पडला की तिचा व्होल्टेज खाली येतो आणि पुष्कळ सेट ११.७ व्होल्टच्या खाली कुरकुरतात. त्यात तीन मीटर लांब, २.५ चौरस मिमीची वायर जोडली, तर जाऊन-येऊन आणखी ०.८ व्होल्ट वायरीतच जातात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण हलकी. ८० टक्के वापरता येते आणि शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास टिकते.

१०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण २४ अँपिअर-तास भरून देते. कोकणातल्या आषाढात मात्र ते पाव हिश्श्यावरही येते, आणि वीज जाते ती त्याच दिवसांत. म्हणून बॅटरी ऊन नसलेल्या दिवसांच्या हिशेबाने घ्यावी. ६० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीतून ४८ वापरता येतात : १०० वॅटवर दोन दिवस, २५ वॅटवर तीन. मोठे पॅनेल घेण्याआधी सेटवरचे शक्तीचे बटण फिरवून पाहावे, ते फुकट आहे.

पुढच्या आठवड्यापर्यंत आपल्या सेटचा ऐकतानाचा आणि बोलतानाचा प्रवाह डीसी क्लॅम्प मीटरने मोजून ठेवा. पुढील भागात : चार्ज कंट्रोलरची रेडिओतली खरखर आणि तिचा बंदोबस्त.