तिथीवरून मांडलेला खजिन्याचा शोध

आळंद तालुक्यातील निंबर्गा हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, आणि तिथल्या ओढ्यांचे पाणी भीमा-कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जात असले, तरी मे महिन्यात समुद्र पाहायला निघालेले सीमाभागातील मराठी कुटुंब बहुधा पश्चिमेची, म्हणजे कोकणाची किंवा गोव्याची वाट धरते. अशा सहलीत मुलांसाठी ‘खजिन्याचा शोध’ हा खेळ मांडायचा, तर जागेच्या आधी वेळ ठरवावी लागते आणि ती गावी बसूनही काढता येते.

या खेळातला नकाशा कादंबरीतून आलेला आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे पावसाने घरात अडकलेल्या सावत्र मुलासोबत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगवला, आणि त्यावरून सुचलेली ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. चाच्यांनी खरोखर धन पुरल्याचे दाखले मात्र विरळाच; त्यांतला प्रसिद्ध दाखला कॅप्टन किडचा असून, त्याने १६९८ मध्ये कोचीनजवळच्या समुद्रात एक मालवाहू जहाज लुटले व पुढच्या वर्षी अमेरिकेतील गार्डिनर्स बेटावर काही ऐवज पुरला, जो सरकारने लगेच उकरून नेला.

कोकणातल्या किनाऱ्यावर खरे कोडे पाण्याचे असते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि चंद्राबरोबर सरकणाऱ्या या वेळेवरच ‘तिथीची पाऊणपट’ हा जुना ठोकताळा उभा आहे: पक्षातील तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते, जसे चतुर्थीला सुमारे तीन आणि अष्टमीला सहा. त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक गृहीत धरावी आणि किनाऱ्यावर पोचल्यावर कोळ्यांना विचारून खात्री करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची, म्हणजे मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, त्यामुळे सर्वांत खोल ओहोटी सकाळी सहाच्या आगेमागे पडते; अष्टमीला मात्र भांगाची, म्हणजे दुबळी भरती असल्याने पाणी फारसे हटत नाही, आणि जे हटते तेही ऐन दुपारच्या उन्हात. मुलांसाठी कोणता दिवस निवडावा, हे यावरून उघड आहे. ओहोटी संपल्यावर पाणी सुरुवातीला सावकाश, पण मधल्या दोन तासांत झपाट्याने चढत असल्यामुळे खडकांवरचा खेळ पहिल्या तासाभरातच आटोपलेला बरा.

खुणा खडूने उघड्या खडकांवर लिहाव्यात, कारण पुढची भरती त्या आपोआप पुसते. खजिना म्हणून रिकामे शिंपले चालतील. प्रवाळ मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि शंखात जीव असेल तर तो जागीच ठेवावा. डबा वाळूत पुरण्याचा मोहही वेळास, आंजर्ले यांसारख्या ठिकाणी आवरावा लागतो, कारण ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूतच असतात व काही पिल्ले मे महिन्यापर्यंत बाहेर पडत राहतात. तिथे डबा सुरूच्या बनात फांदीला टांगावा आणि नकाशावरची फुली तिथेच मारावी.