कुत्र्याची खाज आणि ‘ग्रेन-फ्री’ खाऊ

खलिफा सिटी अबू धाबीच्या बेटाबाहेर, विमानतळाच्या अंगाला वसली आहे. इथे बहुतेक व्हिला, घराभोवती थोडे अंगण, त्यामुळे कुत्री पाळणारी घरे बरीच. त्यात मराठी घरेही आहेत. कुणी पुण्याहून लॅब्रॅडॉर सोबत आणलेला असतो, कुणी वाळवंटातून वाचवलेले, लांब पायांचे ‘डेझर्ट डॉग’ दत्तक घेतलेले असते. मग एखाद्या वर्षी कुत्रा पंजे चाटचाटून लाल करतो, कान खाजवतो, पोटाखाली पुरळ उठते. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर विचारले की पहिला सल्ला ठरलेला: धान्य बंद करा, ‘ग्रेन-फ्री’ ट्रीट आणा. पाकीट घरी येते, महागही असते, आणि खाज बऱ्याचदा आहे तिथेच राहते.

असे का होते, हे एका आकडेवारीवरून लगेच कळते. अन्नाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या 297 कुत्र्यांच्या नोंदी 2016 साली एकत्र तपासल्या गेल्या. गोमांसाला प्रतिक्रिया देणारी कुत्री 34 टक्के निघाली, दूध-दुभत्याला 17, कोंबडीला 15 आणि गव्हाला 13 टक्के. मका 4 टक्क्यांवर, तांदूळ जेमतेम 2 टक्क्यांवर. एकाच कुत्र्याला दोन-तीन पदार्थांचा त्रास असू शकतो, म्हणून हे आकडे एकमेकांत मिळवायचे नाहीत. पण कल कुठे आहे ते उघड आहे. पहिले तिन्ही गुन्हेगार प्राण्यांकडून येणारी प्रथिने आहेत. धान्यांत गहू तेवढा दखल घेण्याजोगा, आणि तोही चौथा.

कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य पचतच नाही, हा युक्तिवाद विक्रेत्यांना फार सोयीचा आहे. 2013 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने त्यातली हवा काढली. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या उकिरड्यावर आणि उष्ट्यावर हजारो वर्षे काढलेल्या प्राण्याचे आतडे पोळी-भाताला सरावलेले आहे. अपवाद आहेत: आयरिश सेटर जातीत ग्लुटेनमुळे आतड्याचा आनुवंशिक आजार होतो, बॉर्डर टेरियरमध्ये ग्लुटेनशी जोडलेले झटके दिसतात. सर्वसाधारण कुत्र्याला हे लागू नाही.

‘ग्रेन-फ्री’ ट्रीटमध्ये मग असते काय? बिस्कीट आकारात राहायचे तर पिष्ट लागतेच. गहू-मका काढला की त्या जागी बटाटा, रताळे, वाटाणा, हरभरा किंवा टॅपिओका येतो. आपल्या उपवासाच्या ताटासारखेच हे: धान्य नाही, पण साबुदाणा, रताळे, बटाटा भरपूर. (आपण तर भगरही चालवून घेतो, आणि ती सरळ सरळ तृणधान्य आहे.) आणि त्या पिष्टाला चव यावी म्हणून कोंबडीची चरबी, अंड्याची पूड, चीज, यकृत घातले जाते. म्हणजे कोंबडीची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी आणलेल्या धान्यरहित बिस्किटात कोंबडीच असते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत मासा, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कोंबडी, असे पाकीट शोधायला फार फिरावे लागत नाही.

म्हणून पाकीट उलटून वाचायचे. इथल्या दुकानांत युरोपची, अमेरिकेची आणि थायलंडची पाकिटे एकाच फळीवर असतात आणि त्यांच्या लेबलांचे नियम वेगळे आहेत. अमेरिकी पद्धतीत ‘विथ सॅमन’ लिहायला 3 टक्के सॅमन पुरतो, युरोपात 4 टक्के. ‘सॅमन फ्लेवर’ असेल तर अमेरिकेत किमान टक्केवारीची अटच नाही, चव जाणवली म्हणजे झाले. युरोपच्या पाकिटावर ‘मीट अँड ॲनिमल डेरिव्हेटिव्ह्ज’ असा एकत्र शब्दप्रयोग चालतो. त्यात गाय, कोंबडी, डुक्कर काहीही असू शकते. ॲलर्जीच्या कुत्र्यासाठी असे पाकीट सरळ परत ठेवावे. ‘ॲनिमल फॅट’, ‘ॲनिमल डायजेस्ट’, प्राण्याचे नाव नसलेले ‘ब्रॉथ’ यांनाही तोच न्याय. ‘हायपोअलर्जेनिक’ या शब्दावर माझा तरी भरवसा नाही. घटकांची यादी जितकी लहान, तितका विश्वास जास्त. एकच घटक असलेली ट्रीट, म्हणजे नुसता वाळवलेला मासा किंवा नुसते रताळे, सगळ्यांत बरी. तरीही कारखान्यातल्या एकाच यंत्रावर कोंबडी आणि मासा दोन्ही जात असतील तर मिसळ होते. लेबलवर नसलेली प्रथिने पाकिटात सापडल्याचे तपासण्यांत वारंवार दिसले आहे.

पण पाकीट निवडणे ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे खाज खरोखर अन्नाचीच आहे का हे ठरवणे. धुळीतले माइट्स, परागकण, पिसवा, गोचिड्या यांनीही तसाच त्रास होतो. उन्हाळ्यात दिवसरात्र एसीत बंद घर, गालिचे आणि बाहेरची धूळ, असा इथला संसार आहे, त्यामुळे हे संशयित आधी तपासावेत. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीवर अन्नाच्या ॲलर्जीचे निदान करू नये. त्या विश्वासार्ह नाहीत. खात्रीचा मार्ग एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले एकच प्रथिन, किंवा पशुवैद्याने दिलेले हायड्रोलाइज्ड खाद्य, म्हणजे प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले की शरीराला ते ओळखू येत नाहीत. हे किमान आठ आठवडे चालवायचे. पाच आठवड्यांत 80 टक्क्यांहून अधिक ॲलर्जीग्रस्त कुत्र्यांना आराम पडतो, आठ आठवड्यांत 90 टक्क्यांहून अधिक. मग जुने खाणे पुन्हा सुरू करायचे. खाज परतली, बहुधा दोन आठवड्यांच्या आत, तर निदान पक्के. ही शेवटची परीक्षा बहुतेक लोक टाळतात. बऱ्या झालेल्या कुत्र्याला पुन्हा कोण खाजवायला लावणार? पण तिच्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. आराम हवामान बदलल्यामुळेही पडलेला असू शकतो.

हे आठ आठवडे मोडतात ते ट्रीटमुळे. मराठी घरात कुत्र्याला पोळीचा शेवटचा तुकडा मिळतो, दहीभाताचे भांडे चाटायला मिळते, चहाबरोबरचे ग्लुको बिस्कीट अर्धे त्याचे असते. त्या बिस्किटात गहू आणि दूध दोन्ही आहे, पोळीवरचे तूपही दुधाचेच. आजी भारतातून तीन महिन्यांसाठी आलेल्या असतील तर त्यांना हे आधीच सांगावे, आणि नॅनीला, मुलांना, गेटवरच्या वॉचमनलाही. फिरायला नेताना आणखी दोन जागा जपाव्यात: गल्लीतल्या मांजरांसाठी कुणी ठेवलेले कोरडे खाद्य, आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या खजुरीखाली पडलेला सडा. खजुराची बी आतड्यात अडकू शकते, तेव्हा ॲलर्जी नसली तरी तो टाळावाच. गोचिड्यांची किंवा हार्टवर्मची चघळायची गोळी, मांसाच्या चवीची टूथपेस्ट, गोळी लपवायचे मऊ ‘पॉकेट’, यांतही प्रथिने असतात. पशुवैद्याला बिनचवीचा पर्याय विचारावा. गोळी परस्पर बंद करू नये.

मग खाऊ द्यायचाच नाही का? द्यायचा, पण चाचणीत जे खाद्य चालू आहे त्यातलाच. कोरडे दाणे असतील तर त्यातले मूठभर सकाळीच बाजूला काढून दिवसभर एकेक द्यावेत. डब्यातले खाद्य असेल तर पातळ थापून मंद ओव्हनमध्ये कडक करावे. पशुवैद्याने मासा आणि रताळे ठरवून दिले असेल तर काम आणखी सोपे: रताळ्याच्या पातळ चकत्या 100 अंशांवर दोन-तीन तास ठेवल्या की चिवट, चघळता येण्याजोग्या होतात. मासा उकडून, काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय. कांदा-लसूण अजिबात नाही, ते कुत्र्याला विषारी आहेत. मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि झायलिटॉलही तसेच.

इथली एक सोय भारतात नाही: सुपरमार्केटच्या मांसविभागात उंटाचे मांस मिळते. बहुतेक पाळीव कुत्र्यांनी ते कधी चाखलेले नसते, आणि उंट गाय-मेंढीच्या कुळातला नाही. नवे प्रथिन म्हणून पशुवैद्यापुढे हा प्रस्ताव ठेवण्यासारखा आहे. खलिफा सिटीपासून फार लांब नसलेले अबू धाबी फाल्कन हॉस्पिटल 1999 साली ससाण्यांसाठी सुरू झाले, पण तिथे कुत्री-मांजरेही तपासतात. वस्तीतले दवाखाने वेगळेच. मात्र कुत्र्याने आधी उंटाची ट्रीट सहज म्हणून खाल्ली असेल तर हा पत्ता हातातून गेला. म्हणून अनोखी मांसे हौसेखातर देऊ नयेत.

साठवणीचेही इथे बघावे लागते. ऑनलाइन मागवलेले पाकीट दुपारी दाराशी उन्हात पडले तर त्यातली चरबी खवट होते. किनाऱ्यावरच्या दमट उन्हाळ्यात उघड्या पाकिटात साठवणीचे माइट्स वाढतात आणि धुळीची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला त्यांनीही खाज सुटते. घट्ट डबा, लहान पाकीट, घरचा खाऊ फ्रीझरमध्ये.

खाऊचे प्रमाण दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांपर्यंत. नसबंदी झालेल्या 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 630 किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊला साठेक; ते उकडलेल्या रताळ्याचे सुमारे 80 ग्रॅम झाले. एवढ्या प्रमाणात धान्यरहित ट्रीटने बिघडत नाही. पूर्ण जेवणच वाटाणा-मसूरवाले ‘ग्रेन-फ्री’ असेल तर गोष्ट वेगळी. जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा आहाराचा हृदयाचे स्नायू पातळ होण्याच्या आजाराशी संबंध असू शकतो, असा इशारा दिला. कार्यकारणभाव अजून सिद्ध झालेला नाही, पण कारण नसताना हा धोका का घ्यावा?

गव्हाची ॲलर्जी पुन्हा खाऊ घालून सिद्ध झाली असेल, तर गहू काढावा. अशा कुत्र्यालाही तांदूळ बहुधा चालतो. त्याच्यासाठी हवे ते गहू नसलेले पाकीट, आणि ते ‘ग्रेन-फ्री’ असलेच पाहिजे असे नाही.