सेटकी() गेलं कुठे? सी मधल्या जुन्या एन्क्रिप्शनची गोष्ट

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. कॉलेजच्या जुन्या लॅब मॅन्युअलमधला सी प्रोग्राम उबंटूवर बिल्ड करताना लिंकर म्हणतो, 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू सेटकी'. एन्क्रिप्ट()चंही तेच. त्याला विचारायचं होतं, जुनी लायब्ररी कुठून आणू?

आणूच नका. ही फंक्शन्स हरवलेली नाहीत, मुद्दाम काढलीत. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी. तिच्या २.२८ आवृत्तीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, सेटकी(), एन्क्रिप्ट(), ईसीबी_क्रिप्ट(), सीबीसी_क्रिप्ट() नव्या प्रोग्रामसाठी बंद झाली. आधी बिल्ड केलेला प्रोग्राम चालतो, नवा लिंक होत नाही.

कारण आत बसलेला डीईएस. १९७७ चं अमेरिकन स्टँडर्ड, की फक्त ५६ बिटची. म्हणजे साधारण ७२० कोटी गुणिले १ कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं ना? पण १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने खास मशीन बांधून ५६ तासांत की शोधली. खर्च अडीच लाख डॉलरच्या आत. २००५ मध्ये ते स्टँडर्डच मागे घेतलं गेलं.

वापरायलाही हा प्रकार विचित्रच होता. सेटकी()ला पासवर्ड द्यायचा नसतो, ६४ बाइटचा अ‍ॅरे द्यायचा, आणि प्रत्येक बाइटमध्ये फक्त ० किंवा १! म्हणजे एका बिटसाठी एक अख्खा बाइट. त्यातही दर आठवा बिट दुर्लक्षित. फंक्शन काहीच रिटर्न करत नाही, म्हणून आधी एररनो शून्य करून नंतर तपासायचा. कोण तपासतं? शिवाय की एकाच ग्लोबल जागी, त्यामुळे दोन थ्रेड आले की गोंधळ.

पण समजा डीईएसच्या जागी एईएस टाकलं, तर काम झालं? इथेच बरेच जण फसतात. एन्क्रिप्ट() एका वेळी एकच ब्लॉक घेतं, ८ बाइट. मोठी फाइल असेल तर लोक सरळ फॉर लूप लावतात. यालाच ईसीबी मोड म्हणतात. एईएसला तसाच लूप लावला तरी दुखणं तेच.

निकालाची फाइल घ्या. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ८ बाइटचा रकाना: पास किंवा नापास, उरलेल्या जागी स्पेस. रकाना ब्लॉकच्या हद्दीवर नेमका बसलाय. एन्क्रिप्ट केल्यावर अख्ख्या वर्गात तिथे दोनच प्रकारचे ब्लॉक दिसतील, कारण की तीच आणि मजकूर तोच, तर उत्तरही तेच. वर्गातली टॉपर पास आहे हे सगळ्यांना माहीत. झालं, 'पास'चा ब्लॉक कळला! आता नापास पोराने तो ब्लॉक कॉपी करून स्वतःच्या रकान्यात चिकटवला, की डिक्रिप्ट करणाऱ्या सरांना तो पास दिसणार. की फोडली नाही, गणित केलं नाही. आणि प्रोग्राम हूं की चूं करणार नाही.

म्हणून नुसतं लपवणं पुरत नाही, छेडछाड पकडणंही हवं. जीलिबसीवाले लिबजीक्रिप्ट सुचवतात. मी मात्र नवशिक्यांना लिबसोडियम सांगेन, कारण त्यात मोड निवडायचा प्रश्नच येत नाही. क्रिप्टो_सीक्रेटबॉक्स_ईझी() वापरा. ३२ बाइटची की, २४ बाइटचा नॉन्स. नॉन्स दर वेळी रँडमबाइट्स_बफ()ने नवा घ्या. तो गुप्त नसतो, फाइलच्या सुरुवातीला ठेवला तरी चालतो. कोणी एक बिट जरी बदलला, तरी उघडणारं फंक्शन -१ देतं. तो -१ तपासा मात्र! की पासवर्डवरून करायची असेल तर क्रिप्टो_पीडब्ल्यूहॅश().

आणि हो, निकालाची फाइल अख्खी एकत्र बंद करा. एकेक रकाना वेगळा बंद केला तर प्रत्येक तुकडा आपल्या जागी अस्सलच असतो, त्यामुळे नॉन्ससकट उचलून दुसरीकडे ठेवता येतो.

जुना डेटा असेल तर आधीच बिल्ड केलेल्या प्रोग्रामने तो एकदा डिक्रिप्ट करा आणि नव्या पद्धतीने बंद करा. मग जुन्या फाइल्स उडवा, पेनड्राइव्हवरच्या बॅकअपसकट.