‘डन’ म्हटल्यावर

घर बदलताना सागवानी कपाट विकायला निघतं, मुलाची सायकल लहान होते, वॉशिंग मशीन नवं येतं. फोटो काढायचा, भाव टाकायचा की दहा मिनिटांत ‘आहे का?’ सुरू. घासाघीस होते, समोरून ‘डन, रविवारी येतो’ येतं, इकडून अंगठा जातो. आणि शनिवारी रात्री दोघांतला एक जण शब्द फिरवतो. त्याच्याकडे कारणं तयार असतात. त्यांतली बरीचशी चुकीच्या समजुतींवर उभी आहेत.

गैरसमज: कागद नाही, सही नाही, टोकनही नाही. मग व्यवहार झालाच कुठे?

जंगम वस्तूच्या विक्रीला कायदा कागद मागतच नाही. १९३० चा मालविक्री कायदा लेखी करार मानतो, तोंडी मानतो आणि नुसत्या वागण्यातून दिसणाराही मानतो. पुढे २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०-अ आलं. करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून तो आता नाकारता येत नाही. व्हॉट्सॲपवरचं ‘डन’ तर तोंडी शब्दापेक्षा भक्कमच, कारण त्यावर तारीख आणि वेळ असते. राहिलं टोकन. आपल्याकडे त्याला इसार म्हणतात, आणि इसार ही ठरलेल्या सौद्याची खूण असते. तो दिला नाही म्हणून सौदा ठरलाच नाही, असं होत नाही.

गैरसमज: जाहिरात टाकली म्हणजे पहिल्या विचारणाऱ्याला द्यावंच लागतं.

हा उलटा टोकाचा समज, आणि यापायी भिडस्त माणसं उगाच अपराधी वाटून घेतात. जाहिरात म्हणजे ‘या, बोला’ एवढंच. ‘आहे का?’ला ‘आहे’ म्हणणं हा शब्द देणं नव्हे. आकडा सांगणं म्हणजेसुद्धा होकार नव्हे. मडिकेरीतल्या एका बंगल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दहा हजारांच्या खाली घेणार नाही, असं मालकाने कळवलं. समोरच्याने ‘दहा हजार मान्य’ म्हटलं आणि सौदा झाला असं धरून चालला. १९५१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की किमान किंमत सांगणं म्हणजे विकायला तयार होणं नाही. तेव्हा ‘चौदाच्या खाली नाही’ असं लिहिलंत तरी अजून तुम्ही मोकळे आहात. ‘चौदाला तुम्हाला दिलं’ असं लिहिलंत की मग मोकळे नाही.

गैरसमज: वस्तू माझ्या घरात आहे तोवर माझीच. जास्त देणारा आला तर त्याला देईन, त्यात काय?

इथे बहुतेक जण फसतात. मालविक्री कायद्याचं कलम २० असं सांगतं की ठरावीक वस्तू द्यायच्या स्थितीत असेल, विक्रीला अट नसेल आणि दोघांत वेगळं काही ठरलं नसेल, तर करार होताक्षणीच मालकी घेणाऱ्याकडे जाते. पैसे नंतर मिळणार असले तरी, वस्तू नंतर न्यायची असली तरी. म्हणजे समजा, डोंबिवलीतल्या तुमच्या बैठकीत उभं असलेलं ते कपाट शुक्रवारी संध्याकाळीच बदलापूरच्या माणसाचं झालेलं असू शकतं, आणि शनिवारी सोळा हजार देणाऱ्याला तुम्ही विकता ती दुसऱ्याची वस्तू. (‘बघून ठरवतो’ म्हणाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे अट आहे.)

यातला पेच पुढे आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला आधीच्या सौद्याची कल्पना नसेल आणि त्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून कपाट नेलं असेल, तर कलम ३० प्रमाणे ते त्याचंच राहतं. बदलापूरकराच्या हाती उरते नुकसानभरपाई: तसंच कपाट दुसरीकडून घेताना जास्त पडलेले पैसे आणि ठरवलेल्या टेम्पोचं भाडं. एवढ्यासाठी दिवाणी न्यायालयात कोण जाणार? ग्राहक आयोगाचा रस्ताही सहसा बंदच, कारण घरची एखादी वस्तू विकणारा माणूस व्यापारी नसतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही अशा वैयक्तिक विक्रीला वगळलं आहे. कायदा बदलापूरकराच्या बाजूने आहे, पण त्याच्या दारापर्यंत येत नाही. म्हणूनच दोन हजार जास्त मिळतात म्हणून शब्द फिरवणं मला सगळ्यांत हलकं वाटतं. पकडले जाणार नाही हे माहीत असतं, म्हणून तर ते केलं जातं.

गैरसमज: अडकतो तो विकणारा. घेणारा केव्हाही नाही म्हणू शकतो.

करार दोघांना सारखाच बांधतो. ठरलेला माल घ्यायचं नाकारणाऱ्याकडूनही भरपाई मागता येते. पण ‘पैसे दारात द्यायचेत ना, मग बघू’ म्हणत ऑर्डर टाकणारे ढिगाने आहेत. एखादी बाई घरून दिवाळीचा फराळ विकते. पार्सल दारातून परत फिरलं की जाण्याचं भाडं तिच्या माथी, बहुधा येण्याचंही. आठवडाभराने परत आलेल्या चकल्या कुणाला विकायच्या? मोठ्या कंपन्या हा तोटा भावात मुरवतात. तिला ते जमत नाही.

गैरसमज: एकदा हो म्हटलं की मागे फिरणं नेहमीच वाईट.

समोरच्याने खोटं सांगितलं असेल तर फिरायलाच हवं. ‘पैसे मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणणाऱ्याला तर उत्तरही देऊ नका, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. अठराच्या आतल्या मुलाशी केलेला करार मुळात करारच नसतो, १९०३ पासून इथे तसंच मानलं जातं. आणि उघड चुकीचा फायदा घेणाऱ्यालाही न्यायालय उभं करत नाही. २००३ मध्ये सिंगापूरच्या एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. कंपनीने द्यायला नकार दिला आणि अपिलातही कंपनीच जिंकली, कारण चूक आहे हे त्या सहा जणांना कळत होतं.

गैरसमज: टोकन परत केलं की मिटलं.

टोकन तर त्याचेच पैसे. ते परत करण्यात उपकार कसला? तुमच्या शब्दावर त्याने दुसरं कपाट सोडलं, सुट्टी टाकली, हमाल सांगितला. अडचणी खऱ्या असतात: बदली रद्द होते, सासूबाई ‘कपाट नाही द्यायचं’ म्हणून बसतात. फिरा, पण कळल्याबरोबर फोन करा. मेसेज टाकून निळ्या खुणांची वाट बघत बसू नका. खरं कारण सांगा, टोकन त्याच दिवशी परत करा, आणि त्याचं भाडं बुडालं असेल तर किती ते आपण होऊन विचारा आणि तेवढे पैसे पाठवा.